पुढची खुर्ची, मागची खुर्ची

१५ ऑक्टोबर हा दिवस आमच्याकडच्या शाळांत वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. डॉ. अब्दुल कलामांचा तो जन्मदिवस. मुले पुस्तके उघडून बसतात, पाहुण्यांचे भाषण होते, टाळ्या वाजतात. निवृत्त शिक्षक म्हणून मलाही कधीमधी पाहुणा म्हणून बोलावणे येते. अशा वेळी मी मुलांना याच तारखेची आणखी एक गोष्ट सांगतो. १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला, म्हणजे कलाम रामेश्वरमला बरोबर एक वर्षाचे झाले त्या दिवशी, कराचीहून अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण टपालाच्या थैल्या घेऊन एकइंजिनी विमानातून निघाला आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानात उतरला. आपल्या देशातील भारतीय मालकीच्या नियमित हवाई सेवेचा आरंभ या उड्डाणापासून मोजतात. त्या तरुणाचे नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा.

जेआरडींविषयी मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. पोलाद, मोटारी, संशोधन संस्था, कर्करोग रुग्णालय, पद्मविभूषण, भारतरत्न. ते सारे पुन्हा सांगण्याचा माझा विचार नाही. मला त्यांच्या आयुष्यातला एकच धागा उचलायचा आहे. विमानात दोन प्रकारच्या खुर्च्या असतात. पुढे वैमानिकांच्या, मागे प्रवाशांच्या, आणि मध्ये एक बंद दार. पुढे बसणाऱ्याला मागचे हाल कळत नाहीत, मागे बसणाऱ्याला पुढची काळजी कळत नाही. जेआरडी हा माणूस आयुष्यभर दोन्ही खुर्च्यांत बसला, आणि एका खुर्चीत शिकलेले दुसऱ्या खुर्चीत विसरला नाही. छोट्या गावांना जोडणाऱ्या छोट्या विमानांचा विचार करताना मला हाच माणूस पुन्हा पुन्हा आठवतो.

शिरूर कासारच्या मास्तराला विमानांचे काय, असे कोणी म्हणेल. आमचे गाव सिंदफणेच्या काठचे. महाराष्ट्रात शिरूर नावाची तीन तालुक्यांची गावे आहेत : पुणे जिल्ह्यातले घोडनदीचे, लातूर जिल्ह्यातले अनंतपाळ आणि आमचे कासारांचे. आमची पत्रे घोडनदीला जाऊन येण्याचा अनुभव जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. बीड जिल्ह्याला विमानतळ नाही. रेल्वेची वाट पाहण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या, आणि ती बीडला पोहोचली २०२५ मध्ये. वाहतूक म्हणजे काय आणि ती नसणे म्हणजे काय, हे अशा गावात राहणाऱ्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.

किनाऱ्यावरचे विमान

जेआरडींचा जन्म पॅरिसमधला, २९ जुलै १९०४ चा. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई सुझान ही फ्रेंच. उन्हाळ्यात हे कुटुंब उत्तर फ्रान्समधील हार्देलो या समुद्रकाठच्या गावी राहायला जाई. लुई ब्लेरिओ याचेही तिथेच घर होते. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा तोच हा ब्लेरिओ. त्या किनाऱ्यावर विमाने उतरत, आणि पंधराव्या वर्षी जेआरडींना त्यांतल्या एका विमानात फेरी मारायला मिळाली. म्हणजे त्यांची पहिली खुर्ची प्रवाशाची होती. पुढच्या खुर्चीत बसायला आणखी दहा वर्षे लागली.

मधल्या काळात आई क्षयाने गेली. फ्रेंच सैन्यात वर्षभराची सक्तीची नोकरी झाली. केंब्रिजला अभियांत्रिकी शिकण्याची इच्छा होती, पण वडिलांनी १९२५ साली मुंबईला बोलावून घेतले आणि बिनपगारी उमेदवार म्हणून कामाला लावले. पुढल्याच वर्षी वडील वारले. बाविसाव्या वर्षी मोठ्या कुटुंबाचा भार अंगावर आला आणि पदवी कायमची राहून गेली. ही खंत त्यांनी जन्मभर बाळगली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. आपल्या देशात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

१९३० साली आगाखानांनी एक बक्षीस लावले. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर जो भारतीय एकट्याने विमान चालवून पार करील, त्याला ते मिळायचे. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला. या प्रसंगाकडे मनाचा मोठेपणा म्हणून पाहिले जाते, आणि ते खरेच आहे. पण पुढच्या खुर्चीत बसणाऱ्यांना त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आकाशात एकटा असलेल्या माणसाचे सगळे काही बोटभर लांबीच्या एका वस्तूवर कसे अवलंबून असते, ते जेआरडींना ठाऊक होते.

आठवड्याला तीन प्रवासी

हवाई टपालाची मूळ कल्पना नेव्हिल विंट्सेंट या वैमानिकाची. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. तीन वर्षे अर्जविनंत्यांत गेली. अखेर टाटांनी अनुदानावाचून सेवा चालवायचे मान्य केले. भांडवल दोन लाख रुपये, विमाने ‘पस मॉथ’ जातीची, कापडाने मढवलेली, ताशी सुमारे १६० किलोमीटर जाणारी. विमानात रेडिओ नाही, जमिनीवर मार्गदर्शक यंत्रणा नाही. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. मुंबईपासून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा विंट्सेंट उडवीत असे.

पहिल्या वर्षाचा हिशोब वाचण्याजोगा आहे. सुमारे १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण, दहा टनांहून थोडे अधिक टपाल, १५५ प्रवासी आणि साठ हजार रुपये नफा. १५५ प्रवासी म्हणजे आठवड्याला सरासरी तीन. आजच्या कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थापकाला हा आकडा दाखवला तर तो मार्ग दुसऱ्या दिवशी बंद करील. ती सेवा टिकली ती टपालामुळे. विमानाच्या पोटात जी पत्रे होती, ती पाठवणारे आणि ज्यांना मिळायची ते, यांतले बहुतेक लोक विमानाच्या जवळपासही कधी फिरकले नसतील.

१९३८ मध्ये जेआरडी चौतिसाव्या वर्षी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. विंट्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळात विमानासह नाहीसा झाला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा जेआरडी त्यात प्रवासी म्हणून बसले होते. १९५३ मध्ये सरकारने सगळ्या खासगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. राष्ट्रीयीकरणाची पद्धत त्यांना पटली नव्हती, तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी बिनपगारी स्वीकारले आणि देशांतर्गत सेवा चालवणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावरही ते बसले.

या काळातले जेआरडी म्हणजे मागच्या खुर्चीतले जेआरडी. प्रत्येक प्रवासात त्यांची टिपणे चालू असत. खुर्ची किती मागे झुकते, पडद्यांचा रंग कसा आहे, चहा आणि कॉफी यांच्या रंगांत फरक का दिसत नाही, स्वच्छतागृह कसे आहे. तिकीट खिडकीवर धूळ दिसली तर स्वतः फडके मारीत. मोठ्या साहेबाचा हा छांदिष्टपणा, असे कोणाला वाटेल. मला वाटते, ज्याने कधीकाळी विमानाच्या प्रत्येक खिळ्याची खातरजमा करून जीव वाचवला होता, तोच माणूस आता प्रवाशाच्या बाजूचे खिळे तपासत होता.

एकच हृदय, तीन देह

योगायोग पाहा. २९ जुलै १९५० ला, जेआरडींच्या सेहेचाळिसाव्या वाढदिवशी, त्यांच्याच जन्मगावी एक नवे विमान उतरले. लंडनहून पॅरिसला आलेले ते ‘व्हायकाउंट’. टर्बोप्रॉप जातीच्या विमानाने केलेली ती जगातली पहिली नियमित प्रवासी फेरी. टर्बोप्रॉप म्हणजे आपल्या भाषेत पंख्याचे विमान. पण त्याचा पंखा फिरवते ते जेटसारखे टर्बाइन. जुन्या पिस्टन इंजिनात दट्टे खाली-वर आदळत, सारे विमान थरथरे. टर्बाइन नुसते गरगर फिरते. व्हायकाउंटच्या टेबलावर नाणे कडेवर उभे राहते, ही त्या काळची गाजलेली जाहिरात होती.

इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट १९५७ मध्ये आले, डच बनावटीचे ‘फॉकर फ्रेंडशिप’ १९६१ मध्ये, आणि आपल्या कानपूरच्या कारखान्यात बांधलेले ‘अॅव्रो’ १९६७ मध्ये. गंमत अशी की तिघांचे इंजिन एकच, रोल्स रॉइसचे ‘डार्ट’. व्हायकाउंटला चार, इतर दोघांना दोन-दोन. हृदय एक आणि देह तीन. त्यामुळे तुलना करायला हे त्रिकूट फार सोयीचे.

प्रवाशाच्या दृष्टीने व्हायकाउंट सगळ्यांत सुखाचे. मोठ्या लंबगोल खिडक्या, केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला, हादरे नाहीत. कंपनीला मात्र चार इंजिनांची देखभाल जड जाई. फॉकरचा पंख छतावर, म्हणून प्रत्येक खिडकीतून खालची शेते दिसत. शरीर जमिनीलगत, चढायला पायऱ्या थोड्या. वैमानिकाच्या दृष्टीने उंच पंखाचा फायदा वेगळाच : पंखे जमिनीपासून दूर राहिल्याने धावपट्टीवरची खडी-माती त्यांना लागत नाही. अॅव्रोचा पंख खाली, खिडकीच्या आड येणारा. ज्यांची खुर्ची पंखावर, त्यांना प्रवासभर पंख आणि इंजिन यांचेच दर्शन. पण आखूड, ओबडधोबड धावपट्टीवर भरवशाचे विमान म्हणून त्याचे नाव होते, आणि म्हणूनच आपल्या हवाई दलाने ते दशकानुदशके वापरले.

मी पहिल्यांदा विमानात बसलो तो सत्तरच्या दशकात, अॅव्रोमध्येच. औरंगाबाद ते मुंबई. (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर.) वडिलांच्या आजारपणात तातडीने मुंबई गाठायची होती आणि तिकिटाचे पैसे मामांनी दिले होते. मला आठवते ती इंजिनाची कर्कश शिट्टी. जमिनीवर असताना ती कान फाडीत असे. मग विमान वर गेले, आवाज एकदम उतरला, आणि इंजिन बंद पडले की काय म्हणून मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. शेजारचा व्यापारी शांतपणे वर्तमानपत्र वाचत होता. त्याच्याकडे पाहून मीही हात सोडला.

एका आवाजाचे दोन अर्थ

त्या आवाजाचा अर्थ मला चाळीस वर्षांनी कळला. आमच्या तालुक्यातला माझा एक विद्यार्थी आज ‘एटीआर ७२’ विमान उडवतो. सुट्टीत गावी आला की घरी येतो. अजूनही समोर खुर्चीत बसायला सांगावे लागते. सर उभे असताना तो बसत नाही. त्याने मला समजावले की उड्डाण करताना पंखे पुरत्या वेगाने फिरवतात आणि विमान चढू लागले की मुद्दाम त्यांचा वेग कमी करतात. वैमानिकासाठी तो अवघड टप्पा संपल्याचा क्षण. प्रवाशासाठी नेमका तोच घाबरण्याचा क्षण. उतरताना उलटे होते. चाके टेकताच पंख्यांच्या पात्यांचा कोन बदलून त्यांच्याकडूनच लगाम घालून घेतात, तेव्हा मोठी गुरगुर होते. प्रवासी दचकतो. वैमानिकाला ठाऊक असते की याच गुरगुरीमुळे आखूड धावपट्टीवर विमान थांबते.

एटीआर हे फ्रान्स आणि इटली यांचे संयुक्त विमान. सुमारे सत्तर प्रवासी, पंख छतावर, दोन इंजिने, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा. प्रवाशांचे दार मागे आणि सामान पुढे, त्यामुळे पहिल्या रांगेचे तिकीट काढणारा सगळ्यांत शेवटी उतरतो. पंखे पुढच्या रांगांजवळ; म्हणून ज्याला शांतता हवी त्याने मागे बसावे. विमान जमिनीवर उभे असताना वीज आणि थंड हवा देणारे वेगळे इंजिन त्यात नाही. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने रोखून ते इंजिन तसेच चालू ठेवतात. एक पंखा स्तब्ध आणि तरीही आवाज, हे पाहून प्रवासी गोंधळतात. कॅनडाचे ‘क्यू-४००’ याहून बरेच वेगवान, पण इंधनाची भूक मोठी. तासाभराच्या प्रवासात वेगाने वाचतात ती दहा-पंधरा मिनिटे. म्हणून छोट्या अंतरावर एटीआरचे गणित जुळते.

पावसाळा हा या सगळ्या विमानांचा कसोटीचा काळ. जेट ढगांच्या वरून निघून जाते. एटीआरला २५ हजार फुटांच्या वर जाता येत नाही. सह्याद्रीवर ढग दाटले की रडारवर पाहत वाट काढावी लागते, वळसा घ्यावा लागतो, हादरे सोसावे लागतात. माझा विद्यार्थी सांगतो की कंपनीच्या कामासाठी कधी मागे प्रवासी म्हणून बसावे लागले, तेव्हाच त्याला कळले की ध्वनिक्षेपकावरची सूचना पंख्यांच्या आवाजात अर्धीमुर्धीच ऐकू येते. तेव्हापासून तो सावकाश बोलतो, आवाज बदलण्याआधीच तो का बदलणार ते सांगतो, आणि शक्य तिथे मराठीतही सांगतो. जेआरडींचे चरित्र त्याने वाचलेले नाही. पण धडा तोच आहे.

खुर्ची जाते, माणूस उरतो

१९७८ च्या फेब्रुवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. पाव शतक बिनपगारी काम केलेल्या माणसाला ही गोष्ट ज्या रीतीने कळली, ती सभ्य नव्हती. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना दोन्ही महामंडळांच्या संचालक मंडळांवर पुन्हा घेतले. अध्यक्षपद मात्र परत आले नाही. कार्यालयातली खुर्ची सरकार देते आणि सरकार काढून घेते. विमानातली खुर्ची कोणी काढून घेऊ शकले नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या एकइंजिनी विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला आणि जुहूलाच उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांच्यानंतरची कथा विचार करायला लावणारी आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. मात्र एटीआर विमाने चालवणारी तिची धाकटी बहीण अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. हवाई दलाच्या म्हाताऱ्या अॅव्रोंची जागा ‘सी-२९५’ ही टर्बोप्रॉप विमाने घेत आहेत, आणि त्यांतली चाळीस टाटांच्या बडोद्याच्या कारखान्यात बांधायची आहेत. म्हणजे पंख्याचे विमान टाटांच्या घरी परतले, पण प्रवाशांचे नव्हे.

आमच्या मराठवाड्यात २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेखाली नांदेड-हैदराबाद हे एटीआर सुरू झाले. मीही त्यातून गेलो आहे. मागच्या रांगेत बसलो होतो, खाली गोदावरी दिसत होती. ते विमान चालवणारी कंपनी २०२२ मध्ये बंद पडली. या योजनेत सरकारी मदत तीन वर्षांची असते. ती संपली की मार्ग आपल्या पायांवर उभा राहावा, ही अपेक्षा. काही मार्ग राहतात, पुष्कळसे मिटतात. विमान बंद होते तेव्हा कारण सांगितले जाते की खुर्च्या भरत नव्हत्या. पण खुर्च्या का भरल्या नाहीत? वेळ सोयीची होती का, विमान नेमाने येत होते का, रद्द झाले तर आदल्या दिवशी कळत होते का, हे प्रश्न मागच्या खुर्चीत बसल्याशिवाय सुचत नाहीत. आणि इतक्या कमी अंतराला, इतक्या आखूड धावपट्टीला कोणते विमान योग्य, हे पुढच्या खुर्चीला विचारल्याशिवाय कळत नाही. निर्णय घेणारे बहुधा दोन्हींत बसत नाहीत. ते वहीसमोर बसतात.

गावात मला एक प्रश्न हमखास विचारतात. आपल्या तालुक्यातला ऊसतोड मजूर हंगाम लागला की बिऱ्हाड पाठीवर घेऊन ट्रकमधून कारखान्यावर जातो. त्याला तुमच्या पंख्याच्या विमानाचे काय? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना १९३२ च्या टपालाची आठवण देतो. त्या थैलीतली पत्रे ज्यांची होती, ते विमानात बसले नव्हते. तरी विमान त्यांच्यासाठी होते, आणि ते वेळेवर यावे म्हणून एक माणूस पुढच्या खुर्चीत जीव टांगणीला लावून बसला होता. दूरच्या गावाला वेळेवर काहीतरी पोहोचवणे, हे या धंद्याचे मूळ काम. जेआरडींनी मागच्या खुर्चीतून केलेली सारी टिपणे त्याच कामाचा पुढचा भाग होती. आमच्या भागात पुन्हा एखादा मार्ग सुरू करण्याची फाइल ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांनी सही करण्याआधी त्या विमानातून एकदा साधे तिकीट काढून प्रवास करावा, आणि उतरल्यावर वैमानिकाशी दहा मिनिटे बोलावे. एवढे केले तरी पुष्कळ होईल.